बारा तोंडांचं बाक

लाउएनबेक, १४ फेब्रुवारी १९७२

प्रिय रोझल,

नाताळचं कार्ड मिळालं. तुझ्या क्रिस्टाला दिवस गेलेत हे वाचून इतका आनंद झाला की जिन्यावरच्या गवंड्यांनाही सांगितलं. त्यांना काय त्याचं! म्हणाले, "बाई, बाजूला व्हा, चुना सांडेल."

गवंडी कशाला, तर आपल्या जुन्या टाउन हॉलला यंदा चारशे वर्षं होताहेत. नगरपालिका तीन वर्षांपूर्वीच स्टेशनसमोरच्या काचेच्या इमारतीत गेली. आता या म्हातारीला रंगवून तिचं संग्रहालय करणार. मी अजून वरच्या दोन खोल्यांतच आहे, रखवालदारीच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. समारंभ जूनमध्ये. शाळेतून निवृत्त झालेले ओस्टेनडॉर्फ गुरुजी इमारतीचा इतिहास लिहिताहेत. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पितात आणि लिहिलेलं वाचून दाखवतात. खाली पाववाल्यांचे आणि खाटकांचे गाळे कसे होते, स्वीडिश सैन्यानं तिथं घोडे कसे बांधले, अर्धं छप्पर कधी जळालं, १८४८ साली लोकांनी नगराध्यक्षाला खिडकीतून टोपी खाली टाकायला कशी लावली. सगळं तारीखवार. आणि आपल्याबद्दल? एक ओळ. "युद्धानंतर काही काळ इमारत निर्वासितांसाठी वापरण्यात आली." सभागृहात चौदा कुटुंबं, मधे घोंगड्यांचे पडदे, सगळ्यांत मिळून एक लोखंडी चूल, आणि हे म्हणे "काही काळ". मी कॉफी ओतली.

पण पुढचं पान ऐकलं आणि मी किटली खाली ठेवली. त्यात बाक आहे, रोझल. बारा तोंडांचं बाक. १६१२ साली बारा नगरसेवकांच्या मुखवट्यांसह ओकच्या लाकडात कोरलेलं, गावाचा अभिमान वगैरे. आणि शेवटी, "१९४७ मध्ये तत्कालीन रखवालदार हिनर्क टीडेमान यांनी ते काळ्या बाजारात विकले." नावानिशी. हे छापून येणार आहे.

मी हे कागदावर पहिल्यांदाच लिहितेय. ते बाक तू आणि मी करवतीनं कापून त्या चुलीत घातलं. आठ दिवस, एकामागून एक तोंड. टीडेमानचा त्यात काही संबंध नव्हता. त्याची नोकरी गेली आणि आपण गप्प बसलो. गावात कुजबुज होती तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की उद्या विसरतील. पण छापलेलं कोण विसरेल?

आज तीन वेळा जिना झाडला. सांगून टाकू का? तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही.

तुझी,
आग्नेस


जिलाँग, ऑस्ट्रेलिया, १ मार्च १९७२

आग्नेस,

तुझं पत्र वाचून कपाटात लपवलं, मग बाहेर काढून फाडलं. असलं काही लिहीत जाऊ नकोस. माझ्या नवऱ्याला, बिलला जर्मन येत नाही, पण क्रिस्टा वाचते. तिला यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायलाही नको. सातवा महिना आहे तिला.

आपण एकमेकींना शब्द दिला होता. विसरलीस? ती तीन वर्षांची होती. तिच्या छातीतून जो आवाज यायचा तो तू माझ्याइतकाच ऐकलास. डॉक्टर काय म्हणाला होता? "ऊब द्या." ऊब! जशी काही दुकानात मिळत होती. पाणी भांड्यातल्या भांड्यात गोठायचं. एकीकडे लाकडाची बारा तोंडं आणि दुसरीकडे माझ्या पोरीचं एक. मी आजही तेच करेन.

आणि तू सांगणार कोणाला? त्याच लोकांना ना, जे आपल्याला, त्यांच्यासारख्याच जर्मनांना, पोलंडचे भिकारी म्हणायचे? आपण आलो त्या दिवशी दोरीवरचे कपडे आत घेतले होते त्यांनी. "आम्ही म्हणत नव्हतो का?" असं म्हणायची संधी त्यांना पंचवीस वर्षांनी आयती देणार तू. वर तुझी नोकरी जाईल, खोल्या जातील. बाय द वे, त्या खोल्या टीडेमानच्याच ना? तेव्हा राहायला जाताना तुझं मन इतकं कुरतडलं नव्हतं वाटतं.

तो म्हातारा आता ऐंशीला आला असेल. जे व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हा कोणीतरी काहीतरी बोललं आणि त्याचं नाव अडकलं. आपण नाही अडकवलं. आपण फक्त गप्प बसलो.

तू पहिल्यापासून अशीच. खाज आली की रक्त येईपर्यंत खाजवणार. जरा स्वस्थ बस.

रोझल


लाउएनबेक, २० मार्च १९७२

प्रिय रोझल,

खोल्यांबद्दल बोललीस ते बरोबर आहे. लागायला हवं तिथंच लागलं.

स्वस्थ बसायला सांगतेस. गुरुवारी पाववाल्याकडे रांगेत उभी होते. टीडेमान आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पाठ वाकलीय, पण टोपी सरळ. काउंटरवरची बाई मोठ्यानं म्हणाली, "याला आधी द्या गं, नाहीतर काउंटर उचलून घेऊन जाईल!" सगळे हसले. त्यानंही टोपीला हात लावून हसल्यासारखं केलं. तो विनोद मी एकोणीसशे पन्नासपासून ऐकतेय. आणि खरं सांगू? इतकी वर्षं मीही हसत आले. इतरांबरोबर, थोडंसं. या वेळी हसू फुटेना, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पडल्यावर त्यानंच विचारलं, "वरच्या खोलीतली उत्तरेची खिडकी अजून अडकते का?"

"अडकते."

"खालून धक्का द्यायचा. मेटा खालून द्यायची."

मेटा म्हणजे त्याची बायको, तुला आठवत असेल. ठेंगणी, सारखी घाईत असायची. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. शेवटी शेवटी दोघं एकत्र फिरायची, पण बोलताना कधी दिसली नाहीत.

गुरुजींना जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातून सत्तेचाळीसच्या चौकशीची फाईल मिळालीय. स्वारी खुशीत आहे. उद्या घेऊन येणार आहेत. मी म्हटलं, या.

आग्नेस


लाउएनबेक, २१ मार्च १९७२

रोझल,

कालचं पत्र टपालात पडलं असेल. हे त्याच्या मागोमाग येईल.

फाईल पाहिली. गुरुजींनी माझ्याच टेबलावर उलगडली. म्हणाले, "बघा, साक्षीदार तुमच्यासारखीच निर्वासित होती. म्हणजे तिला गावातल्या कुणाशी ना वैर ना मैत्री. निःपक्षपाती!"

एक पान. टंकलेखित. "मी हिनर्क टीडेमान यांना पहाटे मागच्या दाराने झाकलेली हातगाडी नेताना दोनदा पाहिले." खाली सही. ते वळणदार 'आर' अक्षर मी तुझ्या प्रत्येक पाकिटावर बघते.

"कोणीतरी काहीतरी बोललं." असं लिहिलंस तू मला.

तो "कोणीतरी" तू आहेस. मी टायफॉइडनं दवाखान्यात पडले होते तेव्हा. बरी होऊन आले आणि तू माझे केस विंचरत म्हणालीस, "चौकशी झाली, टीडेमानला काढलं, आपल्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही." मी देवाचे आभार मानले होते.

उत्तर लिहायचं तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.

आग्नेस


जिलाँग, १२ एप्रिल १९७२

आग्नेस,

चार वेळा लिहायला बसले. आज बिल मासे धरायला गेलाय, आज संपवते.

हो. मी बोलले.

मे महिना होता. सामानाच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि आत बाक नाही. कुलूप धड, दार धड. आपल्या पडद्यामागची भिंतीतली फळी सरकते हे कुणाला माहीत? गाव तेव्हा इंग्रज सैन्याच्या ताब्यात; त्यांचा अधिकारी आला, बरोबर दुभाष्या. सभागृहात आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की चोर सापडला नाही तर चौदाही कुटुंबं माळावरच्या पत्र्याच्या छावणीत जातील. क्रिस्टा जेमतेम उठून बसायला लागली होती. तुला आठवतं, तिची मान? माझ्या मनगटाएवढी. मग एकेकीला आत बोलावलं. क्रिस्टा माझ्या मांडीवर. दुभाष्यानं विचारलं, "काही पाहिलं का?" माझ्या तोंडून निघालं, "हातगाडी."

गाडी खोटी नव्हती, आग्नेस. हेच मला आजवर खातंय. मी त्याला खरंच पाहिलं होतं. पहाटे तो गाडी घेऊन मागच्या दारानं जायचा. गोणपाटाखाली काय असायचं? आपल्या चुलीची राख. आपण खाली नेऊन ठेवायचो, तो उचलून नदीकाठी टाकायचा. मी त्याच राखेवरून त्याला पकडून दिलं.

एकदा बोलले ते बोलले. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मला वाटलं होतं, तो गावचाच माणूस आहे, त्याला काय करणार, रागावतील आणि सोडतील. खोटं. मला असं काही वाटलं नव्हतं. छावणीत जायचं नाही, एवढंच वाटत होतं.

बावन्न साली जहाजात बसले तेव्हा लोक रडत होते. मला मोकळं वाटत होतं. लोक म्हणायचे, रोझल काय धीराची बाई.

तू त्याच्याकडे जाशील, मला माहीत आहे. जा. पण माझं नाव घेऊ नकोस. क्रिस्टाचं बाळंतपण होऊ दे. एवढंच मागते.

रोझल


लाउएनबेक, ८ मे १९७२

रोझल,

काल रविवारी दुपारी गेले. दारूभट्टीमागच्या विटांच्या चाळीत राहतो तो, मागे वीतभर बाग. वाफ्यात शेंगांसाठी काठ्या रोवत होता. मला बस म्हणाला नाही, मी बसलेही नसते. कुंपणाशी उभं राहूनच सांगितलं.

"टीडेमान, बाक आम्ही जाळलं."

तो वाकलेलाच राहिला. "आम्ही म्हणजे कोण?"

"मी, आणि माझ्याबरोबर आणखी एक जण. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत. तिची मुलगी फुप्फुसं सुजून पडली होती."

"कुलूप?"

"कुलपाला हात लावला नाही. भिंतीतली एक फळी सैल होती. दुपारी सगळे रेशनच्या रांगेत गेले की आत शिरून कापायचो. विचारलं कुणी तर म्हणायचो, स्टेशनच्या ढिगाऱ्यातलं लाकूड आहे. करवत तुमचीच मागून आणली होती."

"हो," तो म्हणाला. "बोथट करून परत दिलीत."

मग हातातली काठी त्यानं खाली ठेवली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. तो म्हणाला, "म्हणजे मेटा नाही."

मला काही कळेना.

"त्या खोलीच्या दोन किल्ल्या होत्या," तो म्हणाला. "एक माझ्याकडे, एक मेटाकडे. मी घेतलं नाही, कुलूप तुटलं नाही, मग राहिलं कोण? तिची बहीण हॅनोव्हरला तीन पोरांसह उपाशी होती. मला वाटलं, दिलं असेल कुणाला पिठाच्या बदल्यात. म्हणून चौकशीत मी तोंड उघडलं नाही. हातगाडीचंही नाही. म्हटलं, माझं जायचं ते जाऊ दे, बाईमाणसाला तुरुंग नको."

"तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत?"

"कसं विचारणार? विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं."

त्यानं हाताची माती झटकली. मग म्हणाला, "दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, माझा हात धरून म्हणाली, 'हिनर्क, त्या बाकावरून मी तुला कधी बोल लावला नाही.' मला वाटलं, औषधानं जीभ अडखळतेय. तिला म्हणायचं असेल, तू मला लावला नाहीस. मी म्हटलं, 'हो गं, राहू दे आता.'"

रोझल, कळतंय का तुला? तिलाही वाटत होतं की त्यानंच विकलं. ती जाता जाता त्याला माफ करत होती, आणि तो "हो" म्हणाला. ती ते ऐकून गेली.

तो म्हणाला, "आता तुम्ही जा." अगदी सभ्यपणे म्हणाला. मी गेले. पुलापर्यंत आले, परत फिरले, पुन्हा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, पुन्हा आले. असं कितीदा केलं कोण जाणे.

तुझं नाव घेतलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

आग्नेस


जिलाँग, २३ मे १९७२

आग्नेस,

क्रिस्टाला मुलगा झाला, पंधरा तारखेला. दोघं ठीक आहेत.

तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडले. काल तिच्या घरी भांडी विसळताना सांगितलं. सगळं. बाक, फळी, सही, मेटा. मला वाटलं होतं ती म्हणेल, आई, तू माझ्यासाठी केलंस. तशी तयारीच करून गेले होते मी.

ती म्हणाली, "तो माणूस अजून जिवंत आहे, आणि तू मला आज सांगतेस?"

तेवढंच. मग बाळ रडलं म्हणून आत गेली.

या पाकिटात दुसरं एक बंद पाकीट आहे. ते टीडेमानला दे. मी काय लिहिलंय ते तुला सांगत नाही. आणि गावाला सांगायचं तर माझं नाव घे. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, नाहीतर म्हणतील दुसरीच कोणीतरी.

एक सांग. तू मला यापुढे लिहिणार आहेस का?

रोझल


लाउएनबेक, १९ जून १९७२

रोझल,

लिहितेय ना.

पाकीट त्याच्या दारातल्या पेटीत टाकलं. समोर जायची हिंमत झाली नाही.

त्याआधीच गुरुजींकडे गेले होते. ऐकून घेतलं त्यांनी, चष्मा पुसला. म्हणाले, "आग्नेसबाई, पुस्तिका छापून झाली. सातशे प्रती."

"मग ते पान फाडा."

"चारशे वर्षांचा इतिहास आहे हा. त्यात तुमच्या चुलीची गोष्ट कुठं बसवू?"

"स्वीडिश घोडे बसवलेत ना? त्यांच्या शेजारी बसवा."

रागावून गेले. नगराध्यक्षांनी सांगितलं, समारंभानंतर बघू, आत्ता वातावरण बिघडवू नका.

काल समारंभ झाला. सभागृह भरलं होतं, जिथं आपल्या घोंगड्या टांगलेल्या असायच्या तिथं हार टांगले होते. गुरुजी बोलत बोलत बाकापर्यंत आले. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती दोन वाक्यं गिळून पुढं जायला लागले. तेही मला सोसलं नाही. मी उठले. म्हटलं, "गाळू नका. बाक इथंच जळालं, या भिंतीशी. मी आणि रोझल पिट्शमान, आम्ही जाळलं. टीडेमाननं काही विकलं नाही. त्याच्याविरुद्धची साक्ष खोटी होती आणि आम्हाला ते माहीत होतं."

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "तरी म्हटलं, निर्वासितच!" तू म्हणाली होतीस तसंच. मग मागून कापडाच्या दुकानातली ती म्हातारी उठली, ब्रेसलाउकडची, आपल्यासारखीच निर्वासित, आपल्या पलीकडच्या पडद्यातली. म्हणाली, "त्या चुलीशी मीही हात शेकले. लाकूड कुठून येतं ते विचारलं नाही. ओक आहे ते वासावरून कळत होतं." आणि बसली.

नगराध्यक्षांनी बँडवाल्यांना खूण केली. तेव्हा पाहिलं, टीडेमान दाराशी उभा होता, टोपी हातात. पंचवीस वर्षांत तो या इमारतीत आला नव्हता. बँड सुरू व्हायच्या आत निघून गेला.

पुस्तिकेत आता एक चिठ्ठी चिकटवणार आहेत. मजकूर गुरुजी स्वतः लिहिताहेत. काल संध्याकाळी येऊन माझ्याकडून तारखा विचारून गेले, कॉफी न पिता. मला सप्टेंबरअखेर खोल्या सोडायच्या आहेत. कापडवाली म्हणाली, तिच्याकडे मागची खोली आहे. आज सकाळी पाववाली माझ्याशी बोलली नाही. पण टीडेमान आला तेव्हा त्याच्याशीही तिला बोलता येईना, नुसता पाव पुढं केला. तो पाव घेऊन शांतपणे गेला.

बाळाचं नाव काय ठेवलं ते कळव.

आग्नेस


लाउएनबेक, ३ जुलै १९७२

श्रीमती रोझल पिट्शमान यांस,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मला लिहायची सवय नाही, तेव्हा उशिराबद्दल राग मानू नये.

तुम्ही क्षमा मागितली आहे. माझ्या वाट्याची मी कदाचित देऊ शकेन, वेळ लागेल. मेटाच्या वाट्याची माझ्याकडे नाही.

मागच्या रविवारी तिच्या थडग्यावर गेलो होतो, सांगायला. शेजारी एक बाई फुलांना पाणी घालत होत्या, म्हणून नुसता उभा राहून परत आलो. सोमवारी पुन्हा गेलो. कोणी नव्हतं. मोठ्यानं सांगितलं. फळी, करवत, तुम्हा दोघींची नावं, आणि दोन्ही किल्ल्यांचं. त्या दिवशी मी "हो" का म्हणालो, तेही. मग घरी आलो. त्यानंतर झोप जरा लागते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, ती विचारतो. अठरा वर्षं मी त्या बाकाला दर शनिवारी मेण लावत होतो. बाराही तोंडांना, नाकाडोळ्यांच्या खाचांतसुद्धा. मेण मुरलेलं लाकूड जळताना धूर फार करतं. तुमच्या मुलीला आधीच श्वास पुरत नव्हता.

खिडकी उघडी ठेवत होतात ना?

तेवढं कळवावं.

हिनर्क टीडेमान